ठिबकच्या आधी आलेला मीटर

इस्रायलच्या शेतीची गोष्ट आपल्याकडे हमखास ठिबकच्या नळीपासून सुरू होते. कृषी प्रदर्शन असो की अभ्यासदौऱ्याचा वृत्तांत, कौतुक त्या नळीचंच. पण नळी बाजारात येण्याच्या दहा वर्षं आधी, 1955 साली, त्या देशानं पाणी मोजून देण्याचा कायदा केला होता. जोडणी तिथं मीटर. त्याच वर्षी विहीर खोदायलाही परवाना लागू लागला. मग 1959 च्या जलकायद्यानं नद्या, झरे, भूजल, इतकंच काय सांडपाणीसुद्धा सार्वजनिक मालकीचं ठरवलं. जमीन ज्याची, त्याच्या तळचं पाणी त्याचं, हा हक्कच संपला.

एवढी कडक शिस्त लावायला कारणही तसंच होतं. पाऊस पडतो उत्तरेत, मोकळी जमीन दक्षिणेत, नेगेवच्या वाळवंटाकडे. 1964 मध्ये राष्ट्रीय जलवाहिनी सुरू झाली. ती उत्तरेतल्या ज्या किन्नेरेट सरोवरातून पाणी उचलू लागली, ते समुद्रसपाटीपेक्षा 200 मीटरहून अधिक खाली आहे. तिथून पंपांनी वर चढवून शंभराहून अधिक किलोमीटर दक्षिणेला न्यायचं, म्हणजे विजेचा खर्च अफाट. शिवाय याच पाण्यावरून सीरियाशी संघर्ष पेटला. इतक्या महागात पडलेलं पाणी पाटानं मोकळं सोडून देणं परवडणारं नव्हतं. शेतकऱ्याला वर्षाचा कोटा घनमीटरमध्ये ठरवून मिळे.

सिम्खा ब्लास यांची नळी आली ती अशा शेतात. ब्लास हे जलअभियंते. देशाच्या सुरुवातीच्या पाणीयोजना आखण्यात त्यांचा मोठा हात होता. गळक्या नळाशेजारचं एकच झाड भोवतालच्या झाडांपेक्षा जोमानं वाढलेलं त्यांनी 1930 च्या दशकात पाहिलं, असं सांगतात. पण खरी करामत पुढची आहे. थेंब पाडायचा म्हणून बारीक भोक पाडलं, तर ते मातीनं नि क्षारानं बुजतं. ब्लास यांनी पाण्याला लांब, वळणावळणाच्या वाटेनं फिरवलं. घर्षणानं दाब उतरला, वाट रुंद ठेवता आली आणि तोंडाशी थेंब आला. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त प्लास्टिक मिळू लागलं, तेव्हा हे शक्य झालं. 1965 मध्ये हात्झेरिम किबुत्झनं, म्हणजे सामूहिक वसाहतीनं, त्यांच्याशी करार करून ‘नेटाफिम’ कंपनी काढली.

कोटा बांधलेला, म्हणून शेतकऱ्यानं नळी घेतली. पाणी वाढणार नव्हतं. त्याच घनमीटरमधून जास्त माल काढणं एवढंच हातात होतं. कुठल्या पिकाला कधी नि किती पाणी द्यायचं, नळीतून खत कसं सोडायचं, हे सांगायला व्होल्कानी या कृषी संस्थेचं संशोधन आणि सरकारी विस्तार अधिकारी पाठीशी होते. पुढं कोट्याचा पहिला हिस्सा स्वस्त, वरचा महाग, असे टप्प्याटप्प्याचे दर लागले. एकेकाळी जोरात असलेला कापूस पाण्याच्या हिशेबात बसेना, तसा आक्रसत गेला.

सांडपाण्याचीही तीच कथा. तेल अवीव परिसरातलं सांडपाणी शुद्ध करून दक्षिणेकडच्या वाळूच्या टेकड्यांत मुरवतात, पुन्हा उपसतात आणि नेगेवच्या शेतांना देतात. आज देशातलं बहुतांश सांडपाणी असं शेतीला जातं. 1980 च्या दशकाच्या मानानं शेतीचा गोड्या पाण्याचा वापर निम्म्याच्या आसपास आला, उत्पादन मात्र वाढत राहिलं.

या गोष्टीचा एक धागा जळगावात येतो. केळीच्या बागांत ठिबक रुजवणाऱ्या जैन इरिगेशननं 2007 मध्ये इस्रायलच्या ‘नानदान’ कंपनीत निम्मा हिस्सा घेतला आणि 2012 मध्ये उरलेलाही. तंत्रात महाराष्ट्र कुठंच मागं नाही. नळीमागचा हिशेब मात्र आपण आणलाच नाही, आणि वाचलेलं पाणी बहुतेकदा वाढीव उसाला जातं. 2024 पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. त्या पंपांनी विहिरींतून किती पाणी उपसलं जातं, हे मोजणारा मीटर सहसा कुठंच बसलेला नाही.