पिंपरीचे पेनिसिलिन आणि मूत्रपिंडदाहाचे प्राणिप्रयोग

1954 साली भारत सरकारने पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही कंपनी स्थापन केली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभारलेल्या तेथील कारखान्यात 1955 साली पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. घसा व त्वचा यांस पिडणाऱ्या मालागोलाणूंचा, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा, या औषधाने नाश होतो. तथापि घसा बरा झाल्यावर एक ते तीन आठवड्यांनी एखाद्या मुलाच्या तोंडावर सूज येते, लघवी तांबडी होते; हा मूत्रपिंडदाह मात्र पेनिसिलिनने उलटत नाही. जंतू मेल्यावर विकार येतो कोठून?

पहिला धागा रुग्णांच्या निरीक्षणातून मिळाला. घोड्याचा रक्तरस टोचलेल्या रोग्यांना काही दिवसांनी ज्वर व पुरळ येई. त्याचे विवेचन पिर्के व शिक यांनी 1905 साली केले. लोहितांग ज्वरानंतरच्या मूत्रपिंडदाहापूर्वीही असाच निवांत काळ जातो, हे शिक यांच्या ध्यानी आले.

त्या निवांत काळाचा अर्थ सशांनी सांगितला. जपानी विकृतिशास्त्रज्ञ मासुगी यांनी 1933–34 च्या सुमारास सशाच्या मूत्रपिंडाचे द्रव्य बदकांना टोचले व त्या बदकांचा रक्तरस सशांना दिला. ससे तत्काळ आजारी पडले नाहीत; सुमारे आठवड्याने त्यांच्या लघवीत प्रथिन उतरू लागले. बदकाची प्रतिद्रव्ये केशिकागुच्छांना चिकटून राहतात, पण दाह पेटतो तो सशाने त्या परक्या प्रथिनाविरुद्ध स्वतःची प्रतिद्रव्ये निर्माण केल्यावर, असा उलगडा के यांनी 1940 च्या सुमारासच्या प्रयोगांनी केला. क्ष-किरणांनी सशांची ती शक्ती दडपली असता दाह टळला.

पुढे 1961 साली डिक्सन व सहकाऱ्यांनी गोवंशाच्या रक्तातील अल्ब्युमिन सशांना वारंवार टोचून जुनाट मूत्रपिंडदाह घडविला. येथे मूत्रपिंडाविरुद्ध प्रतिद्रव्य मुळीच दिलेले नव्हते! रक्तातील प्रतिजन-प्रतिद्रव्य-संयुगे केशिकागुच्छांत अडकतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. अशी संयुगे काही वेळा जागच्या जागीही बनतात, हे 1978 च्या सुमारास उंदरांवरील प्रयोगांत दिसले.

एक मर्यादा विसरून चालणार नाही. मालागोलाणूंपासून होणारा मानवी विकार प्राण्यांत हुबेहूब अद्याप उतरविता आलेला नाही. मासुगींचा ससा यंत्रणा दाखवितो. तो त्या आजारी मुलाची प्रतिकृती नव्हे. म्हणूनच या जंतूचे नेमके कोणते प्रतिजन दोषी, हा वाद मिटलेला नाही.

अशा मुलाला पेनिसिलिन आजही दिले जाते, पण ते घशात उरलेले जंतू संपवून घरातील इतरांस संसर्ग होऊ नये म्हणून. सूज व रक्तदाब यांसाठी मीठ तोडतात, मूत्रल औषधे देतात. आणि बहुतेक मुले काही आठवड्यांत बरी होतात.