कानातला नंबर म्हणजे ती गाय का?

बोईसर-तारापूरच्या रस्त्यावर गुरं बसलेली दिसली की एकदा त्यांच्या कानाकडे बघा. काहींच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर 12 आकडी नंबर आणि बारकोड. लोक त्याला जनावराचं आधार कार्ड म्हणतात. 1 जून 2024 पासून महाराष्ट्रात टॅग नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही, असा नियम आहे. म्हणजे आपल्या पालघर जिल्ह्यातल्या एखाद्या पाड्यावरची गाय विकायची तर आधी तिच्या कानात नंबर हवा.

आता संशोधनाच्या बाजूने विचार करा. बिल्ल्यावर फक्त आकडा आहे. गाव, मालक, जात, वय, कोणती लस कधी दिली, हे सगळं दूर कुठल्यातरी सर्व्हरवर. गाय आणि नोंद यांना जोडणारा दुवा म्हणजे काही ग्रॅमचं प्लास्टिक. हा दुवा किती पक्का? तुमचा विषय गाई नसला तरी थांबा, कारण उद्या तुमच्याही एक्सेलच्या पहिल्या कॉलममध्ये कुठलातरी आयडी असणारच. रुग्णाचा, झाडाचा, नमुन्याच्या बाटलीचा. त्यावर आपण सहसा शंका घेत नाही. गुरांच्या बाबतीत मात्र लोक फार पूर्वीपासून शंका घेत आलेत.

सगळ्यात मजेशीर पुरावा व्याकरणात आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत, सहाव्या अध्यायात, एक नियम येतो: खुणेचं नाव 'कर्ण' शब्दाला जोडलं की आधीच्या शब्दाचा शेवटचा स्वर दीर्घ होतो. कानावर विळ्याची, म्हणजे दात्राची, खूण असेल तर ते जनावर 'दात्राकर्ण'. नियमाला अपवाद म्हणून पाणिनी शब्दांची यादीच देतो: अष्ट, पंच, मणी, छिन्न, छिद्र, स्वस्तिक वगैरे. टीकाकार सांगतात की या गुरांच्या मालकीच्या खुणा. आकडे, आकृत्या, चिरलेला कान, भोक पाडलेला कान. व्याकरणकाराला अपवादांची यादी करावी लागली, यावरून खुणा किती रुळलेल्या होत्या ते कळतं. इतिहासाची साधनं कुठे सापडतील याचा नेम नसतो, हेही जाता जाता.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात गोध्यक्ष, म्हणजे गुरांवरचा अधिकारी, येतो. त्याने नोंद कशाकशाची करायची? डागलेल्या खुणेची, अंगच्या नैसर्गिक खुणेची, रंगाची आणि शिंगांमधल्या फरकाची. चार गोष्टी. डाग असताना रंग आणि शिंगं कशाला हवीत? उत्तर त्याच प्रकरणात आहे: राजाच्या शिक्क्याच्या जोरावर दुसऱ्याच्या जनावराची अदलाबदल करणाऱ्याला दंड सांगितलाय. माणूस शिक्का हलवणार हे नियम लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. शिक्का हलवता येतो, शिंगांचा बाक हलवता येत नाही.

हीच जोडी पुढे घोड्यांच्या बाबतीत दिसते. अलाउद्दीन खिलजीने आणि नंतर अकबराने लष्कराच्या घोड्यांना डाग देण्याची पद्धत चालवली, कारण सरदार हजेरीला तेच घोडे दोनदा दाखवत किंवा चांगल्या घोड्याच्या जागी तट्टू उभं करत. डागाबरोबर वर्णनाचा कागदही असे. एकावर विश्वास नाही म्हणून दुसरा.

डागाची दुसरी अडचण म्हणजे त्याचा अर्थ ठरलेला नसतो. आपल्याकडे लंगडणाऱ्या बैलाला उपचार म्हणूनही डाग देत. परक्या माणसाने पाठीवरचा व्रण बघून त्याला मालकीची खूण म्हटलं तर फसला. त्याहून गंमत पोळाची. मृताच्या नावाने वृषोत्सर्ग करून वळू मोकळा सोडतात, तेव्हा त्याच्या अंगावर त्रिशूळ-चक्राची खूण डागण्याची रीत आहे. ती खूण सांगते की याला आता मालक नाही. 1890 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयासमोर असा प्रश्न आला आणि निकाल लागला की सोडलेला वळू कुणाचीच मालमत्ता नाही. तिकडे टेक्ससमध्ये सॅम्युएल मॅव्हरिक नावाच्या जमीनमालकाने आपल्या गुरांना डागच दिले नाहीत, आणि बिनडागी जनावराला त्याचं आडनाव चिकटलं. तिथे डाग नाही म्हणून बेवारस, इथे डाग आहे म्हणून बेवारस. खूण स्वतःहून काही बोलत नाही, तिचा अर्थ समाज आणि कागद ठरवतात.

ब्रिटिश काळात हा कागद कोंडवाड्यात पोहोचला. 1871 च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात कोंडवाड्याच्या रजिस्टरमध्ये जनावरांची संख्या आणि वर्णन लिहायचं असे. आठवडी बाजाराच्या पावतीची भाषाही अशीच वर्णनाची: तांबडी, कबरी, बांडी, भुंडी; दोनदाती, चारदाती, जुळलेली; कपाळावर भोवरा. एकेक शब्द ढोबळ आहे, तांबड्या गाई शेकड्याने असतात. पण चार शब्द एकत्र आले की गावापुरती गाय ओळखता येते. तालुकाभर मात्र नाही. मोठ्या प्रदेशासाठी नंबर लागतोच, आणि टॅगचं खरं बळ तिथे आहे. मी टॅगच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगून ठेवतो.

पण टॅग पडतो. झुडपात अडकतो, गोठ्याच्या दोरीत अडकतो, कान फाटतो. पावसाळ्यात भोकाला जखम झाली आणि किडे पडले तर मालक स्वतःच काढतो. प्रश्न 'पडतो का' हा नाही, 'किती पडतात' हा आहे. आणि इथे एक सुंदर गणित आहे.

समजा प्रत्येक गाईच्या दोन्ही कानांत टॅग लावले. वर्षाने 100 टॅगवाल्या गाई तपासल्या. 90 जणींचे दोन्ही टॅग शाबूत, 10 जणींचा एकच उरलाय. दोन्ही पडलेल्या गाई आपल्याला ओळखताच येत नाहीत, तरी काम अडत नाही. एक टॅग पडण्याची शक्यता = 10 भागिले (10 + 2 × 90), म्हणजे 10/190, साधारण 5.3 टक्के. आकडे मी कल्पनेतले घेतलेत, पण रीत खरी आहे. मासे आणि सील यांच्या अभ्यासात ती वापरतात. एकच अट: एका कानाचा टॅग पडण्याचा दुसऱ्याशी संबंध नसावा. काटेरी कुंपणाला मान घासणाऱ्या गाईच्या बाबतीत ही अट मोडते, मग हिशेब चुकतो. युरोपीय संघाने 1990 च्या दशकाच्या शेवटी दोन्ही कानांत टॅग सक्तीचे केले, त्यामागे हीच व्यवहारी समज होती.

आपल्याकडे टॅग एकाच कानात. म्हणजे टॅग पडलेली गाय आणि कधीच टॅग न लावलेली गाय बघून सारखीच. तिला नवा नंबर दिला आणि जुना त्याला जोडला नाही, तर नोंदीत एका गाईच्या दोन गाई होतात.

याने बिघडतं काय? ब्रुसेलोसिसचं उदाहरण घ्या. हा रोग जनावरांकडून माणसांना होतो. सप्टेंबर 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात 4 ते 8 महिन्यांच्या मादी वासरांना आयुष्यात एकदाच लस देतात. लस जिवंत जंतूंची, गाभण गाईला दिली तर गर्भपाताचा धोका. शिवाय लस घेतलेल्या काही जनावरांची रक्तचाचणी पुढेही पॉझिटिव्ह येऊ शकते. टॅग हरवला तर प्रयोगशाळेसमोर प्रश्न उभा राहतो: ही लसीची खूण की रोगाची?

दुसरी बाजू विम्याची. तिथला नियम चार शब्दांचा: टॅग नाही, दावा नाही. मोखाड्याच्या जंगलात चरताना बिल्ला पडला, कुणी कळवला नाही आणि गाय मेली, तर अख्खा पाडा ती कुणाची हे सांगेल, पण दावा अडेल. उलट, मेलेल्या भलत्याच जनावराच्या कानात विमा काढलेल्याचा टॅग अडकवला तर कागद बिनबोभाट जुळतो. कौटिल्याला ज्याची भीती होती तेच. नुसत्या नंबरावर चालणाऱ्या पद्धतीत खरा मालक आणि लबाड मालक यांची जागा अशी बदलू शकते.

म्हणून फॉर्ममधला रंग-शिंगांचा रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि घाईत तोच एका शब्दात उरकला जातो. जव्हार-मोखाड्याकडच्या डांगी गुरांचे काळे-पांढरे पट्टे प्रत्येक जनावराचे वेगळे असतात. तिथे 'काळी-पांढरी' एवढंच लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. डब्ल्यू. ई. पीटरसन यांनी 1922 मध्येच दाखवलं होतं की गाईच्या नाकाच्या ओल्या भागावरचे ठसे आपल्या बोटांच्या ठशांसारखे ओळखीला चालतात. तेव्हा शाई आणि कागद लागे, आता फोन पुरतो.

एक लहान अभ्यास कुणी करायला हवा: एका पाड्यातल्या सगळ्या गुरांचे टॅगसह दोन्ही बाजूंचे आणि नाकाचे फोटो काढायचे, आणि लाळ-खुरकतच्या सहा महिन्यांनी येणाऱ्या पुढच्या लसीकरण फेरीत तेच पुन्हा. फोटो जुळवताना टॅगचा नंबर झाकून ठेवायचा. किती टॅग पडले, किती बदलले आणि किती गाई नोंदीत दोनदा आल्या, हे तिन्ही आकडे त्यातून निघतील.