परमिटवाले आजोबा

मला आजोबा दोन. एकाचा फोटो दिवाणखान्यात हारासकट आहे, दुसऱ्यांचा नाही. फोटोवाले म्हणजे वडिलांचे वडील, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. बिनफोटोचे त्यांचे धाकटे भाऊ, गिरणीत साचेवाले. धाकट्या आजोबांचं नाव घरात निघालं, की आमची आत्या लगेच चहाला आधण ठेवायला उठायची. यापलीकडे त्यांची मला माहिती नव्हती.

गेल्या दिवाळीत, हिने सहाव्यांदा आठवण करून दिल्यावर, मी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. जुन्या धोतरांच्या तळाशी निघालं आजोबांचं दारू पिण्याचं परमिट. साल १९५८.

"अगंबाई! म्हणजे हे प्यायचे?"

"प्यायचे नाहीत, घ्यायचे," मी म्हटलं. "डॉक्टरांनी दिलेलं."

खोटं नव्हतं ते. नावच मुळी हेल्थ परमिट!

या हेल्थची हकीकत अशी. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ला पहिल्यांदा दारूबंदी आली, आणि आणणारे मंत्री डॉ. गिल्डर हे स्वतः नामांकित डॉक्टर. पुढे युद्ध आलं, मंत्रिमंडळ गेलं, बंदी ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर मोरारजीभाई गृहमंत्री असताना १९४९चा दारूबंदी कायदा झाला आणि १९५०पासून सगळा मुंबई इलाखा कोरडा. पण कोरडा म्हणजे किती कोरडा? खोकल्याच्या औषधात अल्कोहोल, कोलनवॉटरमध्ये अल्कोहोल. एफ. एन. बलसारा नावाचे गृहस्थ थेट कोर्टात गेले. व्हिस्की, बिअर, कोलनवॉटर, औषधं, सगळं बाळगायचा नि वापरायचा मला हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने औषधं आणि कोलनवॉटर सोडवलं, व्हिस्की आतच ठेवली. मग मुंबईत टिंक्चर का खपायला लागलं, हे सांगायला कॉमर्सची पदवी लागत नाही.

त्याहून नाजूक प्रकरण नीरेचं. माझ्या लहानपणी रेल्वे स्टेशनांवर नीरेचे स्टॉल असत. पहाटे झाडावरून उतरवलेली ताजी, चुना लावलेल्या मडक्यातली ती नीरा. चांगली, सात्त्विक, खादीवाल्यांना चालणारी. तीच ऊन चढल्यावर आंबली की ताडी, आणि ताडी म्हणजे फौजदार. झाड तेच, रस तोच. गुन्हा आपोआप घडतो, तोही ऑफिसची वेळ व्हायच्या आत! आमच्या बँकेत इतकं वक्तशीर काही घडल्याचं मला स्मरत नाही.

भांगेची तर अर्धी फांदी कायद्यात आणि अर्धी बाहेर. इंग्रजांनी १८९३ साली आयोग नेमून भांग, गांजा, चरस यांच्यावर ११९३ साक्षीदार तपासले आणि निष्कर्ष काय, तर बेताने घेणाऱ्याचं फारसं बिघडत नाही, सरसकट बंदी नको. (इंग्रजाला त्यातून कर मिळत होता, हेही खरं.) १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याने मात्र रेघ ओढली ती एकाच झुडपाच्या मधून. शेंडा फुलासकट असेल तर गांजा. नुसती पानं केंद्राच्या कायद्यातून मोकळी, त्यांचं काय करायचं ते राज्यांनी ठरवावं. म्हणून उत्तर प्रदेशात भांगेचं सरकारमान्य दुकान आणि आपल्याकडे पानालासुद्धा परवाना. परवान्यावर आपल्या राज्याचा भारी जीव! 'परमिट रूम'ची पाटी आपण रोज वाचतो, पण आत बसायला कायद्याने खरोखरच परमिट लागतं, ते कुणाच्या लक्षात नसतं. ते आजन्मसुद्धा मिळतं. आमची बँक पेन्शनरकडून जिवंत असल्याचा दाखला दरवर्षी मागते. दारूबंदीवाल्यांचा पिणाऱ्यावर त्याहून जास्त विश्वास.

त्या रात्री आत्याला फोन लावला. या वेळी तिने चहाचं निमित्त काढलं नाही.

हेल्थ परमिट काढायला डॉक्टरचा दाखला लागायचा, कचेरीत खेटे घालावे लागायचे, आणि बाटली घ्यायची ती परमिटवाल्याला परवडेल अशी. साचेवाल्याला यातलं काय जमणार? पाळी सुटली की धाकटे आजोबा गल्लीतल्या आंटीकडे जायचे. एकदा धाड पडली. तीन महिने आत. बाहेर आले तेव्हा गिरणीतलं नाव कापलेलं. ते गावी गेले, ते परत आलेच नाहीत.

"आणि अण्णा? जामीन द्यायला गेले नाहीत?"

"सरकारी नोकरी होती रे," आत्या म्हणाली. "निरोप आला तेव्हा अण्णा त्यांचं औषध घेत बसले होते. ग्लास संपवला आणि झोपायला गेले. त्यांच्यापुढे कोण बोलणार?"

परमिटखाली दोऱ्याने बांधलेला एक गठ्ठा होता. मनीऑर्डरीच्या पावत्या, दर महिन्याला पंधरा रुपये, गावच्या पत्त्यावर. सवयीने बेरीज केली. एकही महिना चुकलेला नव्हता. शेवटची पावती मार्च १९६१ची. परमिटवरचा शेवटचा शिक्काही मार्च १९६१चाच. पुढची पानं कोरी. कोटा शिल्लक होता, तरी.

"अहो, त्यांचा एखादा फोटो असेल का हो यात?" हिने विचारलं.

ट्रंक पुन्हा तळापर्यंत उपसली. धोतरं, पंचांगं, आजोबांचा एक चष्मा. फोटो नव्हता.