पूर्वाश्रमीचे भावजी

परवा रात्री साडेअकराला ताईचा न्यू जर्सीहून फोन आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण. एवढ्या रात्री फोन म्हटल्यावर आधी पोटात गोळाच आला. पण ती म्हणाली, "एक विचारायचंय, हसू नकोस. नवऱ्याला... म्हणजे आधीच्या नवऱ्याला इकडे आणायचं, तर कुठला व्हिसा लागतो गं?"

मी हसले नाही. खरं तर मला एकदम भरूनच आलं.

(वाचणाऱ्या नातेवाईक मंडळींसाठी: हे ताईची आणि भावजींची परवानगी घेऊन लिहितेय. तेव्हा लगेच तिला फोन लावू नका.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९९ मध्ये लग्न. २००० मध्ये ताई नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत गेली आणि भावजी तिच्या मागून, 'डिपेंडंट' म्हणून. त्या व्हिसावर काम करायला तेव्हा अजिबात परवानगी नव्हती. चांगला शिकलेला माणूस सात वर्षं घरात बसला. स्वयंपाक शिकला, २००२ मध्ये मुलगी झाली तेव्हा तिचं सगळं केलं, पण आतून कुठेतरी आंबत गेला. २००७ मध्ये दोघांना ग्रीनकार्ड मिळालं. २०११ मध्ये भावजींच्या आईवडिलांचं आजारपण सुरू झालं म्हणून ते पुण्याला आले, ते राहिलेच. दोन वर्षांनी त्यांनी ग्रीनकार्डही परत करून टाकलं. ताई तिकडे नागरिक झाली. २०१६ मध्ये परस्पर संमतीने घटस्फोट झाला. भांडण नव्हतंच. दोन घरं चालवता चालवता दोघंही दमली होती एवढंच.

मग आईवडील गेले. २०२४ मध्ये मुलीच्या पदवीदान समारंभाला भावजी पर्यटक व्हिसावर पाच आठवडे जाऊन आले. त्या पाच आठवड्यांत काय झालं ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पण तेव्हापासून रोज रात्री फोन चालू आहेत एवढं मला माहीत होतं.

आता हा प्रश्न ताईने मला का विचारावा? मी काही वकील नाही. पण जुने कायदे आणि खटले वाचायची मला खोड आहे. कुणाला शब्दकोडी आवडतात, मला हे. तर बसले वाचत. वाचता वाचता शंभर वर्षं मागे गेले, आणि ताईच्या प्रश्नाचं उत्तर थोडं तिथेच सापडलं.

१९०७ मध्ये अमेरिकेने एक कायदा केला. अमेरिकन बाईने परदेशी माणसाशी लग्न केलं की तिचं नागरिकत्व गेलं. ती नवऱ्याच्या देशाची झाली. कॅलिफोर्नियातल्या एथेल मॅकेन्झी या बाईने १९०९ मध्ये गॉर्डन मॅकेन्झी या स्कॉटिश गायकाशी लग्न केलं. १९११ मध्ये त्या राज्यात बायकांना मताचा हक्क मिळाला. १९१३ मध्ये ती मतदार यादीत नाव घालायला गेली, तर तिला सांगण्यात आलं की बाई, तुम्ही आता अमेरिकन नाही! ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९१५ मध्ये हरली. असं लग्न केलं की काय होणार हे माहीत असून तुम्ही ते स्वखुशीने केलंत, असा निकालाचा मथितार्थ.

पण मला खरी गंमत वाटली ती त्याच कायद्यातल्या दुसऱ्या तरतुदीची. लग्न संपलं, मग नवरा जाऊन संपो की घटस्फोटाने, की बाईला आपलं नागरिकत्व परत घेता येत असे. अमेरिकेत राहत असेल तर नुसतं राहत राहायचं. म्हणजे देश हवा असेल तर नवरा सोडा. ताईच्या उलट! हिला नवरा हवा असेल तर पुन्हा लग्न करायला हवं, निदान पहिल्या वाचनात तरी मला तसंच वाटलं.

१९२२ मध्ये केबल कायदा आला आणि बायकांना स्वतंत्र नागरिकत्व मिळालं. पण त्यात एक पाचर होती. नवरा जर 'नागरिक होण्यास अपात्र' वंशाचा असेल, तर बायकोचं नागरिकत्व जाणारच. आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणजे अपात्र. आधी नागरिक झालेल्या आपल्या लोकांची नागरिकत्वं काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली.

इथे मला एक नाव भेटलं. सखाराम गणेश पंडित. नाव वाचूनच कुणी आपल्या ओळखीतलं वाटावं असं. हे लॉस एंजेलिसचे वकील, १९१४ पासून अमेरिकन नागरिक, थिंद यांच्या बाजूने काम करणाऱ्या वकिलांपैकी एक. त्यांची पत्नी गोरी अमेरिकन. थिंद यांचा निकाल लागल्यावर सरकारने पंडितांवरच दावा लावला. त्यांचं म्हणणं असं होतं की तुम्हीच दिलेल्या नागरिकत्वावर विसंबून मी आयुष्य उभं केलं, वकिली केली, लग्न केलं. ते आता काढलंत तर माझ्या बायकोचंही नागरिकत्व जाईल आणि तिला कुठलाच देश उरणार नाही. १९२६ मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील ऐकायलाच नकार दिला. बंगाली क्रांतिकारक तारकनाथ दास यांची पत्नी मेरी हिच्यावर तीच वेळ आली होती. १९२६ मध्ये तिने 'द नेशन' साप्ताहिकात आपण देश नसलेली बाई कशा झालो ते लिहिलं. बायकांसाठीची ही पाचर निघाली १९३१ मध्ये. आणि हिंदुस्थानी माणसाला नागरिक होण्याचा हक्क मिळायला १९४६ उजाडलं. तेव्हाही वर्षाला कोटा किती? तर १००!

दुसऱ्या महायुद्धानंतर वारं फिरलं. परदेशात लग्न केलेल्या सैनिकांच्या बायकांसाठी डिसेंबर १९४५ मध्ये खास कायदा झाला, आणि १९४६ मध्ये ज्यांचं नुसतंच ठरलं होतं अशा वाग्दत्त वधूंसाठीही. तीन महिन्यांसाठी या, लग्न झालं तर राहा, नाही तर परत. १९७० मध्ये आलेला के-१ व्हिसा त्याच धर्तीचा, त्यातही लग्नासाठी मुदत ९० दिवसांचीच. १९६५ मध्ये देशवार कोट्यांची जुनी पद्धत मोडली आणि नागरिकाचा जोडीदार, नागरिकाचे आईवडील यांच्यावर संख्येची मर्यादा राहिली नाही. मग १९८६ मध्ये खोट्या लग्नांचा संशय कायद्यात शिरला. लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ग्रीनकार्डही दोन वर्षांपुरतं, अटीचं. पुढे दोघांनी मिळून अर्ज करून ती अट काढून घ्यायची.

हे सगळं वाचून मी ताईला फोन केला. म्हटलं, "आधी वाईट बातमी. 'आधीचा नवरा' नावाचा व्हिसाच नाही. कायद्याला नवरा कळतो आणि परका कळतो, मधलं काही कळत नाही. घटस्फोट झाला की बायकोने भरलेला अर्जसुद्धा आपोआप रद्द होतो. जुनं ग्रीनकार्ड परत केलं ते केलं, ते पुन्हा जिवंत होत नाही."

"मग?"

"मग एक, ते पर्यटक म्हणून येतील, भेटतील, जातील. पण राहायचं ठरवून 'फक्त भेटायला आलोय' असं सांगायचं नाही. ते खोटं पकडलं गेलं तर दार कायमचं बंद होऊ शकतं. दुसरा मार्ग, तू नागरिक आहेस म्हणून के-१. गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भेटलेले असायला हवं, आणि ते आल्यावर ९० दिवसांत लग्न. तिसरा, पुण्यात लग्न कर. विशेष विवाह कायद्याने केलंस तर ३० दिवसांची नोटीस. मग तू अर्ज भर, मुलाखत मुंबईला. पण लग्नाची तारीख नवीच धरतील, म्हणून पहिली दोन वर्षं अटीचं ग्रीनकार्ड. आणि का मोडलं, पुन्हा का जोडताय, हे विचारणारच."

ताई गप्प. मग म्हणाली, "मला पुन्हा कागदासाठी लग्न नाही करायचं गं. एकदा व्हिसाने आमचं लग्न खाल्लंय."

यावर काय बोलणार? पण त्याच रात्री कायदा पुन्हा चाळताना डोक्यात प्रकाश पडला. नागरिकाचे आईवडील! लेक तिथे जन्मलेली, म्हणजे नागरिक. आणि २१ वर्षांची झाली की मूल आपल्या आईवडिलांसाठी अर्ज करू शकतं. ती २१ ची २०२३ मध्येच झाली होती! आईबापांचा घटस्फोट झालाय का याच्याशी या अर्जाला देणंघेणं नाही. रांग नाही, दोन वर्षांची अट नाही. घटस्फोटाने नवरा परका होतो, बाप होत नाही.

एक गमतीची गोष्ट अजून. येणाऱ्याच्या खर्चाची हमी द्यावी लागते. लेकीचा पगार नवा, कमी पडला तर दुसरं कुणी जामीन राहू शकतं. ते ताई राहू शकते. आणि १९९६ च्या कायद्यापासून ही हमी चांगलीच पक्की झालीय. साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत, किंवा तो माणूस नागरिक होईपर्यंत, किंवा कायमचा देश सोडेपर्यंत ती सुटत नाही. नवराबायकोत दिलेली असली तर घटस्फोटानेही नाही. मी म्हटलं, "बायको नाही तर जामीनदार तरी हो." खूप दिवसांनी ताई खळखळून हसली.

(माझ्या भरवशावर कुणी काही करू नका हं. हे कायदे फार बदलतात. ताईनेही पुढे वकील गाठलाच.)

लेकीच्या अर्जासाठी तिचा जन्मदाखला लागतो आणि वडिलांसाठी अर्ज असल्याने आईवडिलांच्या लग्नाचा दाखलाही. तो पुण्यात, भावजींकडे. मागच्या रविवारी मी आणायला कोथरूडला गेले. त्यांनी कपाटातून प्लॅस्टिकची फाइल काढली. वरती घटस्फोटाचा हुकूमनामा, त्याच्याखाली १९९९ चा दाखला, कडा जराशा पिवळ्या झालेल्या. म्हणाले, "फेकायचा कशाला, म्हणून ठेवला होता."

चहा त्यांनीच केला. आलं घालून, छान. "लग्नाचं काय मग?" मी विचारलंच. कप विसळत म्हणाले, "आधी एका गावात तर येऊ दे. मग मी तिला रीतसर विचारीन. नाही म्हणाली तर लेकीचा बाप म्हणून तिथे आहेच."

निघताना दारात नेहमीसारखं म्हटलं, "येते भावजी." २०१६ नंतर त्यांना काय म्हणायचं हा प्रश्न मला कधी सुटला नव्हता, म्हणून मी जुनंच चालू ठेवलं होतं. यावेळी तेच म्हणताना जीभ अडखळली नाही.