सायकल ट्रॅक सगळीकडे होतात, मग सेव्हिलचेच का चालले?

'आपलं शहर म्हणजे काय ॲमस्टरडॅम आहे का?' सायकल ट्रॅकची बातमी आली की तिच्याखाली ही कमेंट ठरलेली. मुद्दा अगदीच चुकीचा नाही. तिकडे हवा थंड, जमीन सपाट आणि लोकांना सायकलची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. म्हणून आज ॲमस्टरडॅमबद्दल बोलायचंच नाही. बोलूया सेव्हिलबद्दल.

सेव्हिल हे दक्षिण स्पेनमधलं शहर, अंदालुसिया प्रांताची राजधानी. लोकसंख्या सुमारे 7 लाख, म्हणजे कोल्हापूरपेक्षा मोठं आणि सोलापूरपेक्षा लहान. उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जाणं ही तिथे बातमी नसते. साधारण 20 वर्षांपूर्वी या शहरात सायकल जवळपास कुणीच चालवत नव्हतं. शहरात होणाऱ्या एकूण प्रवासात सायकलचा वाटा होता जेमतेम अर्धा टक्का. इकडे-तिकडे मिळून 12 किलोमीटरच्या आसपास ट्रॅक होते, पण एकमेकांना न जोडलेले. हे चित्र आपल्याला ओळखीचं आहे.

मग 2006 ते 2010 या काळात रोजच्या सायकल फेऱ्या 6-7 हजारांवरून 70 हजारांच्या घरात गेल्या. 2011 मध्ये सायकलविषयीची 'व्हेलो-सिटी' ही आंतरराष्ट्रीय परिषद याच शहरात भरली.

नेमकं काय केलं?

गोष्ट सुरू होते राजकारणातून. 2003 च्या निवडणुकीत समाजवादी पक्षाचे महापौर आल्फ्रेदो सांचेझ मोंतेसेरीन यांना बहुमत मिळालं नाही. डाव्या आघाडीचा पाठिंबा घ्यावा लागला आणि त्या आघाडीने पाठिंब्याच्या अटींमध्ये सायकल मार्ग टाकले. शहरात सायकलवाल्यांची एक संघटना 1980 च्या दशकापासून आंदोलनं करत होती. तिचं नाव 'आ कोन्त्रामानो', म्हणजे चक्क 'राँग साइडने'. इतकी वर्षं रस्त्यावर मागणी करणाऱ्यांचं म्हणणं पहिल्यांदाच सत्तेच्या टेबलावर आलं. याच संघटनेतले मानुएल काल्व्हो पुढे या मार्गांच्या नियोजनात होते.

त्यांच्यासमोर दोन पर्याय होते. दरवर्षी बजेटमधून थोडे थोडे किलोमीटर बांधत जायचं, किंवा सगळं एकदम करायचं. सेव्हिलने दुसरा निवडला. शहराच्या सगळ्या भागांना जोडणारं सुमारे 80 किलोमीटरचं मूळ जाळं 2006-07 मध्ये, एका दमात बांधून काढलं. पुढे ते वाढत गेलं.

'एकदम' या शब्दावर इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळी गंमत तिथेच आहे. समजा तुमच्या घरापासून ऑफिस 6 किलोमीटर आहे. त्यातल्या 5 किलोमीटरवर उत्तम ट्रॅक आहे आणि मधल्या एका चौकात तो संपतो. तिथे तुम्हाला ट्रक आणि बसच्या मधून जायचंय. तुम्ही सायकल काढाल? आणि मुलीला क्लासला सायकलवर पाठवाल? म्हणजे 5 किलोमीटरचा खर्च झाला आणि उपयोग शून्य. प्रवास किती सुरक्षित आहे हे त्यातल्या सगळ्यात वाईट तुकड्यावरून ठरतं. तुटक ट्रॅकवर कुणी फिरकत नाही, मग 'बघा, कुणी वापरतच नाही' म्हणून पुढचा निधी थांबतो.

एकदम बांधण्याचा आणखी एक फायदा होता, आणि तो राजकीय आहे. खोदकाम, धूळ, दुकानदारांच्या तक्रारी हे सगळं एकाच कार्यकाळात उरकतं. पुढच्या निवडणुकीपर्यंत लोक ट्रॅक वापरायला लागलेले असतात.

जागा आली कुठून?

पार्किंगमधून. कडेला गाड्या लावण्याच्या सुमारे 5 हजार जागा काढून टाकल्या. ओरड झालीच. कुठल्याही शहरात सायकल मार्गाचा खरा वाद इथेच येतो. रस्ता रबराचा नसतो, कुणाचीतरी जागा कमी झाल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही. नकाशावर हिरवी रेघ काढायला कुणाचाच विरोध नसतो.

ट्रॅकची रचना साधी होती. रुंदी सुमारे अडीच मीटर, दोन्ही बाजूंनी जाता येईल असा, हिरव्या रंगाचा, आणि मुख्य म्हणजे गाड्यांच्या लेनपेक्षा उंच किंवा कठड्याने वेगळा केलेला. नुसता रंगाचा पट्टा मारून काम भागवलं नाही. एकूण खर्च 3 कोटी 20 लाख युरोच्या आसपास आला. शहरात 2009 मध्ये मेट्रोचा पहिला मार्ग सुरू झाला, त्याचा खर्च याच्या कितीतरी पट होता.

कठडा का लागतो, याचं उत्तर अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये मिळतं. 2006 च्या सुमारास तिथल्या प्रशासनात सायकलचं काम पाहणारे रॉजर गेलर यांनी लोकांचे चार गट मांडले. कुठल्याही रस्त्यावर बिनधास्त सायकल चालवणारे 1 टक्क्याहून कमी. थोडी सोय असली की निघणारे 7 टक्के. काहीही केलं तरी सायकलला हात न लावणारे 33 टक्के. आणि उरलेले तब्बल 60 टक्के लोक म्हणजे 'इच्छा आहे, पण भीती वाटते'. हा अनुभवावरून काढलेला अंदाज होता, आकडे शहरागणिक बदलतील. पण पांढरा पट्टा फक्त पहिल्या दोन गटांना पुरतो आणि शहर बदलतं ते चौथ्या गटामुळे, हे त्यातून कळतं.

सेव्हिलमध्येही तसंच झालं. सायकली वाढल्या आणि प्रत्येक फेरीमागे अपघाताचा धोका मात्र कमी झाला. सेव्हिल विद्यापीठातले प्राध्यापक रिकार्दो मार्केस यांनी यावर संशोधन केलंय. त्यांच्या अभ्यासात धोका कमी होण्यामागे जोडलेलं जाळं हे मोठं कारण दिसतं.

उन्हाचं काय? ऊन तिथेही तेवढंच आहे. लोक सकाळी आणि संध्याकाळी बाहेर पडतात, भर दुपारी कमी.

पुण्यात काय झालं?

पुणे म्हणजे एकेकाळी सायकलींचं शहर, हे आजी-आजोबांकडून ऐकलेलं असतंच. शहराने प्रयत्न केले नाहीत असंही नाही. 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी आली तेव्हा तिच्यासोबत सायकल ट्रॅकही झाले. पण जिथे रस्ता रुंद तिथे ट्रॅक, अरुंद झाला की गायब. पेव्हर ब्लॉक उखडले, टू-व्हीलर शिरल्या, गाड्या लागल्या, कुठे टपऱ्या आल्या.

डिसेंबर 2017 मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने शहरासाठी सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकली आल्या, सुरुवातीला त्यांचं कौतुकही झालं, आणि थोड्याच काळात कंपन्यांनी एकामागून एक गाशा गुंडाळला. इथे क्रम बघा. सेव्हिलची भाड्याच्या सायकलींची 'सेव्हिसी' योजना 2007 मध्ये आली, म्हणजे जाळं तयार होत आलं तेव्हा. पुण्यात सायकली आधी आल्या, ट्रॅक कागदावर होते.

अर्थात सेव्हिलची सरळ नक्कल इथे चालणार नाही. अडीच मीटरच्या मोकळ्या ट्रॅकवर आपल्याकडे पाच मिनिटांत स्कूटर येईल. तोंडाशी बोलार्ड लावले तर स्कूटर थांबते, पण अंतर चुकलं तर व्हीलचेअर आणि मालाची तीनचाकी सायकलही अडते. हे बारकाईने करायचं काम आहे आणि आपल्याकडे ते बहुतेकदा ठेकेदाराच्या मर्जीवर सुटतं.

पण एका बाबतीत आपण सेव्हिलच्या पुढे होतो. 2011 च्या जनगणनेत, शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के लोक सायकलने कामावर जात होते. वॉचमन, बांधकाम मजूर, पेपर टाकणारी मुलं. सायकल ट्रॅक म्हणजे रविवारी हेल्मेट घालून निघणाऱ्या हौशी मंडळींचे लाड, असं म्हणताना हे लोक कुणाच्या डोळ्यासमोर नसतात.

तुमच्या शहरात घोषणा झाली तर काय बघायचं?

2020 मध्ये केंद्र सरकारने शहरांसाठी 'इंडिया सायकल्स फॉर चेंज' स्पर्धा घेतली. त्यात निवडलेल्या 11 शहरांमध्ये नागपूर आणि पिंपरी-चिंचवड होती. त्यामुळे असे प्रकल्प तुमच्याही शहरात येऊ शकतात. तेव्हा किलोमीटरचा आकडा बाजूला ठेवा आणि नकाशा मागा. घर, शाळा, स्टेशन, बाजार हे त्यावर सलग जोडलेत का? चौकात ट्रॅकचं काय होतं? बहुतेक आराखडे चौकातच गप्प बसतात आणि वळणाऱ्या गाडीशी टक्कर होते तीही तिथेच. पार्किंग कुठलं हटणार, हे लिहिलंय का? आणि देखभालीचे पैसे कुठल्या वर्षापर्यंत धरलेत?

देखभालीचा आणि पाठपुराव्याचा प्रश्न सेव्हिललाही सुटलेला नाही. 2011 मध्ये तिथे सत्ता बदलली. जुन्या शहरात गाड्यांच्या प्रवेशावर घातलेली बंधनं नव्या प्रशासनाने काढून टाकली, सायकलींची वाढही थांबली आणि नंतर वाटा थोडा खाली आला. घाईत बांधलेले काही ट्रॅक आता अपुरे पडतात. बरेच ट्रॅक फुटपाथच्याच पातळीवर असल्यामुळे पायी चालणाऱ्यांशी खटके उडतात, आणि आता त्याच अडीच मीटरमध्ये इलेक्ट्रिक स्कूटरही घुसल्यात.