पुरावरचा एक प्रबंध

विद्यापीठाला सादर झालेला प्रबंध परीक्षकांखेरीज दुसरा कोणी वाचीत नाहीं, अशी आम्हां प्राध्यापकांत एक जुनी थट्टा आहे. आणि ती बव्हंशीं खरीहि आहे. शिकागो विद्यापीठाच्या भूगोल विभागांत १९४२ सालीं गिल्बर्ट व्हाइट या तरुणानें लिहिलेला व १९४५ सालीं प्रसिद्ध झालेला प्रबंध मात्र या थट्टेला अपवाद म्हटला पाहिजे. नैसर्गिक आपत्तींचें नियोजन व व्यवस्थापन हा विषय आज देशोदेशींच्या विद्यापीठांतून पदवीनंतर शिकविला जातो. त्या अभ्यासाच्या मुळाशीं जीं थोडीं पुस्तकें आहेत, त्यांत या पुरावरच्या प्रबंधाची गणना होते.

तो कां लिहिला गेला हें समजण्यास मिसिसिपी नदीकडे वळलें पाहिजे. नदीच्या दोहों तीरांस उंच बांध घातले कीं पाणी कोंडून वेगानें वाहूं लागेल, तळ खरवडून काढील व पात्र आपोआप खोल होईल, असा अमेरिकन लष्करी इंजिनियरांचा कित्येक दशकांचा सिद्धांत होता. एप्रिल १९२७ मध्यें नदीनें त्याचें उत्तर दिलें. माउंड्स लँडिंग येथें बांध फुटला, इतरत्रहि फुटले, सुमारें २७ हजार चौरस मैल मुलूख पाण्याखालीं गेला आणि सहा लाखांवर माणसें बेघर झालीं. यावरून राज्यकर्त्यांनीं धडा घेतला तो असा कीं, बांधांच्या जोडीला धरणें व पाण्यास वाट काढून देणारे कालवेहि हवेत! १९३६ च्या कायद्यानें तर पूरनिवारणाचें काम देशभर मध्यवर्ती सरकारच्या शिरावर आलें.

याच सुमारास व्हाइट वॉशिंग्टनमध्यें नद्यांच्या नियोजनाचें काम पाहणाऱ्या सरकारी समित्यांत नोकरीस होता. प्रत्येक योजनेच्या कागदांत दोनच आंकडे मांडलेले असत: बांधकामास खर्च किती आणि त्यामुळें वाचणारें नुकसान किती. नदीच्या वाटेंत माणूस राहावयास गेलाच कां, आणि बांधावांचून दुसरा उपाय आहे कीं नाहीं, हे प्रश्न कोणी विचारीत नसे. व्हाइटनें ते विचारले. पाऊस व नदी पूर आणतात; नुकसान मात्र माणसानें घर कोठें व कसें बांधलें यावर ठरतें, हें त्याच्या विवेचनाचें सार होय. जमीन उंच करणें, वेळेवर सूचना देऊन माणसें हलविणें, इमारतींची रचना बदलणें, सखल जागा शेती वा कुरणांसाठीं राखणें, विमा, सरकारी मदत अशा सर्व उपायांच्या पंक्तींत त्यानें धरणाला व बांधाला बसविलें. इंजिनियरिंगवर त्याचा राग नव्हता. त्या एका शास्त्राच्या मक्तेदारीला त्याची हरकत होती.

पुढील वृत्तांत थोडक्यांत सांगतों. व्हाइट क्वेकर पंथाचा. महायुद्धांत शस्त्र न धरतां फ्रान्समध्यें निर्वासितांची सेवा करीत असतां तो जर्मनांच्या स्थानबद्धतेंत सांपडला. परतल्यावर त्यानें एका कॉलेजचें अध्यक्षपद सांभाळलें आणि १९५५ सालीं तो शिकागोस आला. १९५८ मध्यें त्यानें व सहकाऱ्यांनीं कांहीं शहरांची पाहणी प्रसिद्ध केली. १९३६ पासून अपार पैसा खर्च होऊनहि पुराचें नुकसान घटलें नव्हतें! कारण उघड होतें. बांध झाला कीं जमीन कोरडी पडते, तिचा भाव चढतो, दुकानें व घरें उठतात; लहान पूर येईनासे झाल्यानें भीति जाते; आणि मग बांधाच्या मापाबाहेरचा एखादा पूर येतो.

व्हाइटचा शिष्य रॉबर्ट केट्स यानें याच्याहि खोलांत जाऊन पाहिलें. टेनेसींतील ला फॉलेट या गांवीं त्यानें रहिवाशांना व दुकानदारांना भेटून पुराविषयीं विचारलें, आणि १९६२ सालीं आपला निष्कर्ष मांडला: माणूस भावी पुराची कल्पना मागल्या पुराच्या मापानेंच करतो, त्याहून मोठें संकट त्याच्या मनांतच शिरत नाहीं. आमच्या मतें या शास्त्रांतील सर्वांत मोलाचा शोध हाच. आणि त्यासाठीं कोणतेंहि यंत्र लागलें नव्हतें.

आपल्याकडे या विद्येची गरज पटावयास मोठी किंमत पडली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला. तो भाग सरकारी नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या विभागांत होता. हजारों माणसें मेलीं तीं दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाचें ओझें अंगावर कोसळून. तो विभाग नकाशावरून काढून टाकण्यास २००२ साल उजाडलें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि भराव घालून आंवळलेली मिठी नदी सर्वांस ठाऊक झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस आपत्ति व्यवस्थापनाचा कायदा झाला. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेंत या विषयाचें पदव्युत्तर शिक्षण पुढें सुरू झालें. तंबू, अन्नछत्र आणि पंचनामे यांची व्यवस्था शिकणें आवश्यक आहे, यांत शंका नाहीं. परंतु जो अभ्यासक्रम तेवढ्यावर थांबेल, तो आपत्ति घडून गेल्यावरच सुरू होतो, असें आम्हांस वाटतें. घर बांधण्याच्या परवान्यावर सही होते त्या टेबलापर्यंत तो गेला पाहिजे.

तेथवर जाण्याचा एक प्रयत्न झाला होता. पूरक्षेत्रांतील बांधकामांवर मर्यादा घालणाऱ्या कायद्याचा नमुना केंद्र सरकारनें १९७५ सालींच राज्यांकडे पाठविला. बहुतेकांनीं तो बाजूस ठेवला. आपल्या पाटबंधारे खात्यानें निळ्या व लाल पूररेषा आंखण्याची पद्धत घातली. पण रेषा नकाशावर असते आणि आठवण भिंतीवर. सांगली-कोल्हापुराकडे पुष्कळ कुटुंबें २००५ च्या पाण्याची खूण मनांत धरून ऑगस्ट २०१९ मध्यें घरांतच थांबलीं, आणि पाणी त्या खुणेच्या वर गेलें.