लिनक्सवर ब्राउझरची आवृत्ती बदलताना

लिनक्स संगणकावर एकाच ब्राउझरच्या दोन किंवा अधिक आवृत्त्या शेजारी शेजारी नांदू शकतात. प्रोग्राम बदलण्यास काही मिनिटे पुरतात. जपावी लागते ती प्रोफाइल. वापरकर्त्याचे बुकमार्क, साठवलेले पासवर्ड, भेट दिलेल्या पानांची नोंद आणि ॲड-ऑन ज्या फोल्डरमध्ये असतात, त्यास प्रोफाइल म्हणतात. अनेक लिनक्स वितरणांसोबत येणाऱ्या फायरफॉक्सच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

गरज का भासते?

२०२० पासून फायरफॉक्सची नवी मुख्य आवृत्ती साधारणतः दर चार आठवड्यांनी येते. नव्यासोबत काही जुने गळतेही. मार्च २०१७ मधील ५२व्या आवृत्तीने जावासह फ्लॅशखेरीज इतर जुन्या प्लगइनचा आधार काढला, तर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या ५७व्या आवृत्तीत जुन्या पद्धतीची ॲड-ऑन बंद झाली. ज्यांना स्थैर्य हवे त्यांच्यासाठी २०१२ पासून ईएसआर ही दीर्घकाळ साहाय्य मिळणारी आवृत्ती उपलब्ध आहे. तिच्यात साधारण वर्षभर सोयीसुविधा बदलत नाहीत. सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र मिळत राहतात. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत हीच दिली जाते.

बदलाचे मार्ग

उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप पॅकेजच्या रूपात येते. स्नॅपमध्ये चॅनेल बदलून नेहमीच्या आवृत्तीवरून ईएसआर किंवा बीटाकडे जाता येते, आणि ‘रिव्हर्ट’ आज्ञेने आधीची आवृत्ती परत आणता येते. मात्र प्रोफाइल सामाईक फोल्डरमध्ये असल्याने प्रोग्राम मागे गेला तरी ती मागे जात नाही.

दुसरा मार्ग मोझिलाने दिलेला संकुचित संच स्वतंत्र फोल्डरमध्ये उलगडून चालवण्याचा. मूळ ब्राउझरला यात धक्का लागत नाही. असा संच स्वतःच अद्ययावत होऊ शकतो. म्हणून विशिष्ट आवृत्ती टिकवायची असल्यास सेटिंग्जमध्ये आपोआप अद्यतन होण्याचा पर्याय बदलावा लागतो.

प्रोफाइलची काळजी

नवी आवृत्ती प्रोफाइलमधील माहितीची रचना बदलू शकते आणि ती रचना जुन्या आवृत्तीस वाचता येईलच असे नाही. यासाठी मे २०१९ मधील ६७व्या आवृत्तीपासून प्रत्येक स्थापनेला वेगळी प्रोफाइल मिळते. पुढच्या आवृत्तीत वापरलेली प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडू पाहिल्यास फायरफॉक्स ती नाकारते आणि नवी प्रोफाइल तयार करण्यास सुचवते. तेव्हा बुकमार्क दिसेनासे झाले तरी ते नष्ट झालेले नसतात. जुनी प्रोफाइल जागेवरच असते. स्नॅप आणि साध्या पॅकेजच्या प्रोफाइलही वेगवेगळ्या ठिकाणी राहतात, त्यामुळे एकाकडून दुसऱ्याकडे गेल्यावर हाच अनुभव येतो.

म्हणून बदलापूर्वी ब्राउझर पूर्ण बंद करून प्रोफाइलच्या संपूर्ण फोल्डरची प्रत अन्यत्र ठेवावी. साठवलेले पासवर्ड आणि त्यांची किल्ली दोन निरनिराळ्या फाइलींत असतात. एकच फाइल उचलल्यास पासवर्ड उलगडत नाहीत.

साहाय्य संपलेल्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. ती जुन्या संकेतस्थळापुरती, वेगळ्या प्रोफाइलमध्ये वापरावी. बँकेचे व्यवहार व ईमेल चालू आवृत्तीतच करावेत.